महिन्याचं सामान

एप्रिल निम्मा सरला की लालबागच्या मसाला गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. विरार, कल्याण, पनवेलहून आलेल्या बायका मिरचीच्या ढिगांपुढे उभ्या असतात. एक मिरची उचलायची, मोडायची, बिया बघायच्या, वास घ्यायचा आणि मगच भाव विचारायचा, हा क्रम ठरलेला. रंगाला ब्याडगी, तिखटाला गुंटूर नाहीतर लवंगी, जोडीला धने, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, जायपत्री. कुणाच्या पर्समधून सासूच्या हातची चुरगळलेली चिठ्ठी निघते. प्रमाणं तोंडपाठ असतात, तरी ती निघतेच. त्यानंतर देठ खुडायचे, उन्हात वाळवायचं, भाजायचं, कांडप गिरणीत नंबर लावायचा आणि शिंकत, डोळे पुसत गरम मसाल्याची पिशवी घेऊन परतीची लोकल धरायची.

भांडुपहून आलेल्या एका काकूंना विचारलं, एवढा खटाटोप कशाला? पाकीट तर घराखालीच मिळतं.

“मिळतं ना. पण ते संपलं की परत आणा, परत संपलं की परत आणा, आणि दर वेळी पाच-दहा रुपये वाढलेलेच. हे एकदा केलं की वर्षभर मसाल्याचा विषय बंद.” मग मिरचीची पिशवी दुसऱ्या हातात घेत त्यांनी खरी गोष्ट सांगितली. “एवढे पैसे एकदम कुठून येणार? म्हणून माझी भिशी मी मुद्दाम एप्रिलचीच मागून घेते.”

त्यांची भिशी बारा जणींची. दर महिन्याला प्रत्येकीने हजार रुपये काढायचे आणि त्या महिन्याच्या मानकरणीने बारा हजार उचलायचे. एरवी नंबर चिठ्ठीने निघतो, पण एप्रिल, जून आणि दिवाळीचा महिना मागून घेण्याची मुभा आहे. एप्रिल मसाल्याचा आणि धान्याचा, जून शाळेचा. व्याज कुणाला मिळत नाही, कुणाला भरावंही लागत नाही. मिळते ती एकरकमी रक्कम, आणि घरखर्च आटोक्यात ठेवायचा तर तिला फार मोल आहे. वर्षाचा माल हंगामात घेतला तर स्वस्त पडतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. अडचण असते ती हंगामात हातात पैसे असण्याची.

हंगामाचं गणित साधं आहे. मिरचीची मोठी आवक फेब्रुवारी ते एप्रिल. रब्बीचा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो. तुरीची काढणी डिसेंबर-जानेवारीतली, त्यामुळे नवी डाळ त्यानंतर लगेच हाती लागते. चिंच उन्हाळ्याच्या तोंडाशी. कांद्यात खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, टिकतो तो एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा. हवेशीर जागी पसरून ठेवला तर तो पावसाळा काढतो, आणि नवा लाल कांदा येण्याआधीच्या ज्या आठवड्यांत भाव चढतो त्या आठवड्यांत घरात कांदा असतो. जुन्या घरांतली कोठी, पत्र्याचे डबे, गव्हाला चोळलेलं एरंडेल, तांदळात मिसळलेली बोरिक पावडर, डाळीत घातलेला कडुलिंबाचा वाळलेला पाला ही सगळी या गणिताची साधनं होती.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. हंगामात माल स्वस्त असतो, कारण शेतकऱ्याला तेव्हा पैशांची निकड असते. लासलगावला मे महिन्यात पडेल भावाने ट्रॅक्टर रिकामा करणाऱ्याकडे बहुतेक वेळा कांदाचाळ नसते, किंवा सोसायटीचं कर्ज डोक्यावर असतं. त्याची घाई आपल्या बचतीच्या कामी येते. म्हणून शहरातल्या सोसायट्या थेट शेतकरी गटाकडून गहू-तांदूळ घेतात आणि बाजारभावापेक्षा चार पैसे वर देऊनही दुकानापेक्षा कमीत पडतं असं सांगतात, तेव्हा मला ती बचत जास्त मोलाची वाटते. मधली साखळी आखूड झाली की दोन्ही टोकांना थोडं थोडं उरतं.

पण आज किती घरांत वर्षाचं धान्य भरलं जातं? तीनशे-चारशे चौरस फुटांच्या घरात पोत्याला जागा कुठे? ऊन दाखवायला गच्ची कुठे, आणि पोरकिडे झाले तर निवडायला वेळ कुणाला? तीन माणसांच्या घरात, जिथे दोघं सकाळी आठला बाहेर पडतात, तिथे वर्षाचा गहू भरणं शहाणपणाचं नाहीही. किडलेलं दहा किलो धान्य फेकावं लागलं की हंगामी स्वस्ताई तिथेच संपते. अशा घराने बचत दुसरीकडे शोधायला हवी, आणि ती कुठे आहे ते आकडे बऱ्यापैकी दाखवतात.

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार देशात माणशी महिन्याचा सरासरी खर्च शहरात ६,९९६ रुपये आणि ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आहे. त्यातला खाण्यावरचा वाटा शहरात ४० टक्क्यांच्या किंचित खाली, खेड्यात ४७ टक्के. यापुढचा तपशील मात्र थांबून वाचावा असा आहे. शहरी घराच्या एकूण खर्चात धान्याचा वाटा ४ टक्क्यांपेक्षा कमी आहे, आणि पेयं, तयार पदार्थ, बाहेरचं खाणं या एका रकान्याचा वाटा ११ टक्क्यांहून जास्त. गावातही हा रकाना आता १० टक्क्यांच्या जवळ पोहोचला आहे. घरात काटकसरीचा विषय निघाला की पहिली कात्री तांदळाच्या प्रतीवर नाहीतर डाळीच्या वाटीवर चालते, आंबेमोहोराऐवजी कोलम येतो, वरण पातळ होतं. पैसे मात्र वेगळ्याच वाटेने गेलेले असतात. वरण पातळ करून वाचवायला तिथे फारसं काही उरलेलंच नाही, आणि मुलांच्या ताटातली डाळ ही तर कमी करायच्या वस्तूंच्या यादीत सर्वांत शेवटी यायला हवी.

* * *

महागाईला घरातल्या घरात तोंड द्यायचं, ज्याने त्याने आपलं पोट आवळायचं, हीच रीत महाराष्ट्रात नेहमी होती असं मात्र नाही.

१९७२ चा दुष्काळ आठवणारी पिढी आता साठीच्या पुढे आहे. रेशनच्या रांगा, रॉकेलच्या रांगा, बाजारातून गायब झालेलं तेल, सणाच्या तोंडावर न मिळणारा रवा आणि साखर. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या स्त्रिया एकत्र आल्या, आणि हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. लाटणं मोर्चाचे फोटो आजही छापले जातात. त्या फोटोंत आपण लाटणं बघतो. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्या बायकांची मागणी. तेल, साखर, रॉकेल वाजवी दरात आणि वेळेवर मिळालं पाहिजे, आणि ते मिळतं की नाही याचा जाब सरकारला द्यावा लागेल. घरखर्च ही त्या दिवसांत चव्हाट्यावर बोलायची गोष्ट झाली. आमच्या घरात तेल पुरत नाही, हे सांगताना कुणाला कमीपणा वाटला नाही.

त्याच सुमाराला दुसरी एक वाट निघाली. मोर्चाइतकी ती गाजली नाही, पण आजही चालू आहे. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. सुधीर फडके यांच्यासारखा कलावंतही या कामात होता. व्यापाऱ्याला शिव्या देऊन काही हाती लागणार नाही, ग्राहकांनी एकत्र येऊन खरेदी केली पाहिजे, हा विचार त्यामागे होता. ग्राहकांच्या सहकाराची ओळख मुंबईला त्याआधीपासून होती. नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली सुरू झालेल्या ‘अपना बाजार’ने गिरणगावाला ती करून दिली होती. पंचायतीने पुढे जाऊन दुकानच काढून टाकलं.

पद्धत अशी. एका इमारतीतली किंवा आळीतली काही कुटुंबं मिळून एक संघ करतात. दर महिन्याला मागणीपत्रक येतं, त्यात डाळी, तेल, चहा, साबण, मसाले अशा वस्तू आणि त्यांचे दर. प्रत्येक घर आपली मागणी भरतं आणि पैसे आधी देतं. सगळ्या संघांची मागणी एकत्र झाली की घाऊक खरेदी होते. ठरलेल्या दिवशी टेम्पो येतो आणि संघाचं सामान एखाद्या सभासदाच्या घरी किंवा सोसायटीच्या कार्यालयात उतरतं. तिथून पुढचं वाटप सभासदांनीच करायचं. काचेची शोकेस नाही, विक्रेता नाही, उधारी नाही, जाहिरात नाही. मागणी आधीच कळलेली असल्यामुळे माल पडून राहत नाही. दुकानाचं भाडं, पगार, पडून राहिलेल्या मालावरचं व्याज यांपोटी जे वस्तूच्या किमतीत मिसळतं, ते इथे बऱ्याच अंशी गळतं.

वाटपाची संध्याकाळ एकदा तरी बघावी. डोंबिवलीतल्या एका जुन्या सोसायटीत पंचायतीच्याच धर्तीवर रहिवाशांनी आपल्यापुरता गट चालवला आहे. माल ते वाशीच्या बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्याकडून आणतात. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमधला सोफा भिंतीला लावलेला, जमिनीवर जुन्या चादरी, त्यावर घरागणिक कागदाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीसमोर हळूहळू वाढणारे ढीग. एक जण यादी वाचतो: “तूरडाळ. एकशे दोन, तीन किलो. एकशे चार, एक. दोनशे एक, दोन.” दोघं जण पिशव्या उचलून त्या त्या चिठ्ठीवर ठेवतात. सुट्या शेंगदाण्यांसाठी काटा मांडलेला. शेवटी एक साबण उरला की सगळं थांबतं. पुन्हा पहिल्यापासून मोजणी, तो कुणाच्या ढिगात कमी आहे ते सापडेपर्यंत. तास-दीड तास जातो. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, “सुरुवातीला वाटायचं, एवढ्या वेळात दुकानात जाऊन आलो असतो. पण दुकानात गेलं की यादीत नसलेल्या चार वस्तू पिशवीत येतातच. इथे यादी महिन्याआधी लिहायची, त्यामुळे मोह व्हायला जागाच नाही.”

तिथल्या हिशेबनीसांच्या मते गटाची अर्धी बचत घाऊक दरातून होते आणि उरलेली अर्धी या आधी लिहिलेल्या यादीतून. ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, बोलताना आकडे सांभाळून वापरतात. त्यामुळे त्यांच्या या अंदाजावर माझा विश्वास बसतो. आता तर दहा मिनिटांत दारात वस्तू आणून देणारी ॲप आहेत. कोथिंबिरीची जुडी मागवायला जावं, तर मोफत घरपोचसाठी अमुक रुपयांची खरेदी करा म्हणून सांगतात, आणि कोथिंबिरीसोबत चिप्स, चॉकलेट, एक जास्तीचा शाम्पू घरी येतो. नाहीतर पोहोचवण्याचे, हाताळणीचे, छोट्या ऑर्डरचे वेगळे पैसे पडतात. सोय आहे, अडल्या वेळी उपयोगीही आहे. पण महिन्याच्या यादीची जागा अशा रोजच्या टपटप खरेदीने घेतली की खर्च कुठे झाला तेच लक्षात राहत नाही.

* * *

यादीनंतरची दुसरी सवय पाकिटावरची बारीक अक्षरं वाचण्याची. आता पाकीटबंद वस्तूंवर कमाल किमतीबरोबर एककाची किंमतही छापावी लागते. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला एका ग्रॅमची, जास्त वजनाच्या वस्तूला किलोची. द्रवपदार्थांना मिलिलिटर किंवा लिटरची. तुलना करायला ग्राहकाला याहून चांगलं हत्यार आजवर मिळालेलं नाही, आणि ते फार कमी लोक वापरतात.

समजा एका बिस्किटांचं ९० ग्रॅमचं पाकीट ३० रुपयांना आहे आणि ‘फॅमिली पॅक’ म्हणून २०० ग्रॅमचं ७० रुपयांना. लहान पाकिटात ग्रॅमला ३३ पैसे पडतात, मोठ्यात ३५. मोठं ते स्वस्त हा आपल्या मनात पक्का बसलेला समज आहे आणि पुष्कळदा तो बरोबर असतो, पण नेहमी नाही. शाम्पूच्या बाबतीत तर एक-दोन रुपयांच्या पुड्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतात असं अनेकदा दिसतं. तेलाच्या पिशवीकडे आणखी नीट बघावं. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पाकिटांच्या ठरावीक मापांची सक्ती उठल्यापासून लिटरच्या पिशवीसारखीच दिसणारी, पण आत कमी तेल असलेली पिशवी शेजारीच ठेवलेली असते. किंमत कमी म्हणून हात तिच्याकडे जातो. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांत किंमत तीच ठेवून वजन उतरवायचं, हे तर आता सर्वांच्या परिचयाचं आहे. किंमत वाढली की लगेच कळते. वजन घटल्याचं मात्र पाकीट उलटून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि ती कमाल किंमत आहे. त्याहून जास्त कुणी मागू शकत नाही, कमी मात्र जरूर घेऊ शकतो. कोपऱ्यावरचा वाणी महिन्याची यादी एकदम दिली तर दोन-तीन टक्के सोडतो. विचारायला हवं. त्याला शत्रू समजायचं कारण नाही. वीस तारखेनंतर पगार संपलेल्या घराला तेल-साखर कोण देतं, हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना त्या उधारीच्या लाल वहीची किंमत माहीत आहे.

विजेचं बिल हा असाच न वाचलेला कागद. महावितरणच्या घरगुती दरात टप्पे आहेत: पहिली १०० युनिटं, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यावर. दुसऱ्या टप्प्यात युनिटचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास जातो. पुष्कळांना वाटतं की एकशे एकावं युनिट जळलं की सगळ्याच बिलाला वरचा दर लागतो. तसं नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. याचा फायदा असा की आपण जी युनिटं वाचवतो ती सर्वांत महागड्या टप्प्यातली असतात. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटं वाचतात. तीन पंखे असलेल्या आणि अडीचशे युनिटं जाळणाऱ्या घरात ही अठ्ठेचाळीस युनिटं थेट दुसऱ्या टप्प्यातून कमी होतात. पंख्याची जास्तीची किंमत दोन-तीन उन्हाळ्यांत निघते. दिवे बंद करा म्हणून मुलांच्या मागे लागणाऱ्या आईने एकदा छताकडे बघावं. एलईडी दिवा आता नऊ वॅटचा असतो, तासन्‌तास राबतो तो पंखा.

गॅसची एकच गोष्ट सांगतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे. पोहोचवायला येणाऱ्या माणसाकडे काटा मागण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि शांतपणे मागितला तर तो मिळतो.

* * *

स्वयंपाकघरातल्या काटकसरीबद्दल लिहिताना जपून लिहावं लागतं. दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी, फोडणीची पोळी, शिळ्या भाताचं थालीपीठ, सायीचं विरजण, त्याचं लोणी, ताक, तूप आणि शेवटी बेरीत साखर घालून मुलांच्या हातावर ठेवलेला घास. यातला एकही पदार्थ गरिबीचा म्हणून खाल्ला गेला नाही, चवीने खाल्ला गेला, आणि त्यामागे मोठी हुशारी आहे. पण ही हुशारी फुकट मिळते असं धरूनच घराचा हिशेब मांडला जातो.

२०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की घरातली विनामोबदला कामं करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज सरासरी २९९ मिनिटं देतात आणि ती करणारे पुरुष ९७. शिवाय अशी कामं करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ८१ टक्के आणि पुरुषांचं २६. घरचं तूप बाजारच्या तुपापेक्षा स्वस्त पडतं हे खरं. आठवडाभर साय जमवणं, विरजणं, घुसळणं, कढवणं, ते तुपकट भांडं घासणं, यांचा एक रुपयाही न धरल्यामुळे ते आणखी स्वस्त दिसतं. नोकरी करून आलेल्या बाईने तयार पोळ्या विकत घेतल्या तर तिला उधळी म्हणणाऱ्यांनी आधी त्या पाच तासांचा हिशेब द्यावा. माझं स्पष्ट मत आहे की ज्या बचतीसाठी घरातल्या एकाच माणसाची झोप खर्च होते ती बचत धरूच नये. काम वाटून घेतलं तर तेच तूप सर्वांना परवडतं.

डोंबिवलीच्या गटात हे घडलेलं दिसलं. वाटप संध्याकाळी सातनंतर ठेवलंय आणि दर महिन्याला ज्या चार घरांची पाळी असते, त्यांनी किमान दोन पुरुष पाठवायचे असा नियमच आहे. डाळींच्या पिशव्या उचलणाऱ्या एका तरुण बापाने सांगितलं, “आमच्या घरात महिन्याला किती तेल लागतं ते मला इथे आल्यावर कळलं. सहा लिटर. तिघांना. मग घरी जाऊन आम्ही दोघांनी बसून ठरवलं की तळण आठवड्यातून एकदाच.” त्याच्या आईने त्याला हे वर्षानुवर्षं सांगितलं असणार. यादी स्वतः वाचल्यावर त्याला ते पटलं.

आणि आता या सगळ्यातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. वर्षाचा मसाला, महिन्याची यादी, आगाऊ पैसे, पाच लिटरचा डबा, नवा पंखा, हे सगळं ज्यांच्या हातात थोडेफार पैसे आधी असतात त्यांच्यासाठी आहे. सकाळी नाक्यावर उभा राहणारा मजूर संध्याकाळी काम मिळालं तर खरेदी करतो. दहाचं तेल, पाचची चहापावडर, दहाची साखर, पाव किलो तांदूळ. वाण्याने पातळ पिशवीत गाठ मारून दिलेल्या त्या तेलाला लिटरचा भाव लावला तर ते पाच लिटरच्या डब्यापेक्षा कितीतरी महाग पडतं. त्याला हिशेब कळत नाही म्हणून तो ते घेतो असं मुळीच नाही. त्याचा हिशेब आपल्यापेक्षा चोख असतो, कारण चुकला तर रात्री चूल पेटत नाही. त्याच्याकडे एका वेळी पाच लिटरचे पैसे नसतात, आणि झोपडीत ते तेल ठेवायला सुरक्षित जागा नसते. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं, त्याचा मोठा आधार आहे. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा शिधा दिला तेव्हा दुकानांपुढे लागलेल्या रांगा सांगत होत्या की या चार वस्तू एकदम घेणं किती घरांना जड जातं. पण रोजचं तेल, डाळ, चहा, साबण बाहेरूनच आणावं लागतं, आणि तिथे गरिबाला तीच वस्तू जास्त भावाने मिळते.

भिशी इथेच उपयोगी पडते, गटही पडू शकतो. डोंबिवलीच्या त्या सोसायटीत धुणी-भांडी करणाऱ्या दोन ताई आणि रखवालदाराचं कुटुंब यांना यादीत घ्यायचं की नाही, यावर बराच वाद झाला. आगाऊ पैसे हा गटाचा पाया, तो एकदा ढिला केला की सगळे उधारी मागतील, असं काहींचं म्हणणं. त्यात चूक काही नव्हतं. ग्राहकांची किती भांडारं उधारीने बुडाली हे हिशेबनीस जाणून होते. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. गटाला घाऊक व्यापाऱ्याकडून मिळणाऱ्या सुटीतले काही पैसे गेली दोन वर्षं बाजूला पडले होते. त्यातून या तीन घरांचा पहिल्या महिन्याचा माल आगाऊ भरायचा. पैसे त्यांनी महिनाभरात चार हप्त्यांत द्यायचे, म्हणजे पुढच्या यादीच्या वेळी तीच रक्कम पुन्हा हाताशी असेल. कर्ज नाही, दान नाही. एका महिन्याचं अंतर गटाने भरून काढायचं, एवढंच.

पहिल्या महिन्यात रखवालदाराच्या पत्नीने फक्त तेल आणि तूरडाळ लिहिली. दुसऱ्या महिन्यात चहापावडर आणि कपड्यांचा साबण वाढला. दर आठवड्याचा हप्ता ती स्वतः पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे आणून देते आणि वहीत सही करून घेते. यंदा गणपतीनंतर तिने विचारलं, की तिच्या वस्तीतल्या आठ-दहा जणींना असा आपला आपण गट काढायचा आहे. घाऊक व्यापाऱ्याचा नंबर मिळेल का, आणि यादीचा कागद कसा आखायचा ते कुणी दाखवेल का? नंबर दिला. हिशेबनीसांनी दोन रविवार बसून वही आखून दिली. भिशीतून पहिली रक्कम उभी करायची असं त्या बायकांनी ठरवलं आहे, आणि पहिली खरेदी दिवाळीच्या सामानाची: रवा, बेसन, साखर, तेल, पोहे. टेम्पो गल्लीच्या तोंडापर्यंत येईल. पण माल उतरवून रात्रभर ठेवायला कोरडी, कुलपाची जागा हवी, आणि ती अजून मिळालेली नाही. बालवाडीची खोली संध्याकाळी रिकामी असते. तिची किल्ली ज्या शिक्षिकेकडे असते तिच्याशी बोलणं चालू आहे.